कुंडीतलं फुलझाड जमिनीत लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षांपूर्वी मी बागेतला एक अनंत उपटला. उपटला कसला, बुंध्याला धरून जरा ओढला आणि बाटलीचं बूच निघावं तसा तो अलगद हातात आला. लावून चौदा महिने झाले होते. खाली मुळांचा गोळा होता, ज्या कुंडीतून काढला होता तिच्याच आकाराचा, वर रुंद, खाली निमुळता. बाहेरच्या मातीत एकही मूळ शिरलेलं नव्हतं. आजूबाजूची जमीन ओली होती आणि गोळा आतून भुशासारखा कोरडा. रोज पाणी घालत होतो, ते सगळं शेजारून जात होतं.

माती-मुळांच्या या गोळ्याला रोपवाटिकेतले लोक हुंडी म्हणतात. पुढे तोच शब्द वापरला आहे. जास्वंद, मोगरा, गुलाब, तगर, अनंत, एक्झोरा, हायड्रेंजिया अशा झुडपांबद्दल येणारे बहुतेक प्रश्न कुठून ना कुठून या हुंडीपाशीच येऊन पोचतात.

झाड कुंडीत बरं चाललंय. जमिनीत लावायलाच हवं का?

मुळीच नाही. सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरेनासं झालं, पाणी घालताक्षणी खालून वाहून जायला लागलं, भोकांतून मुळं डोकावायला लागली किंवा नवी पानं दर खेपेला लहान येऊ लागली, तर झाडाला कुंडी पुरत नाहीये. मग एक तर मोठी कुंडी, नाही तर जमीन. बोगनवेल मात्र वेगळी. मुळं आवळलेली असली की ती उलट जास्त फुलते, त्यामुळे बोगनवेलीची कुंडी लहान पडतेय म्हणून घाई करू नका.

कोणत्या दिवसांत लावावं?

माती उबदार आणि हवा सौम्य असेल तेव्हा. उबदार मातीत मुळं वाढतात आणि सौम्य हवेत पानांतून पाणी कमी उडतं. बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

जिथे पावसाळा ठरलेला असतो तिथे पहिले चांगले पाऊस होऊन जाऊ द्यावेत आणि जमिनीला वाफसा आला की लावावं. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, इतपत ओल. भर पावसात चिखलात लावलं तर पायाखाली आणि हाताखाली माती दाबली जाते, वाळल्यावर ती विटेसारखी होते आणि मुळांना हवा मिळत नाही. जिथे थंडीत जमीन गोठते तिथे पानगळीची झुडपं पानं गळू लागल्यावर, पण जमीन गोठायच्या पुष्कळ आधी लावतात, किंवा मग कोंब फुटण्याआधी. सदाहरित आणि थंडीला नाजूक झाडं तिथे हिवाळा संपल्यावरच लावलेली बरी.

दिवसातली वेळ म्हणाल तर उन्हं उतरल्यावर. झाडाला सावरायला अख्खी रात्र मिळते. ढगाळ दिवस असेल तर कधीही चालेल.

झाड फुलांनी भरलंय. आत्ता हलवलं तर चालेल?

चालतं, पण झाडाला ते महागात पडतं. नव्या मुळांना लागणारी साखर फुलं ओढून घेत असतात. थांबणं शक्य असेल तर बहर ओसरू द्या. थांबता येत नसेल तर उमललेली फुलं आणि मोठ्या कळ्या खुडून टाका. मला स्वतःला अनंताच्या कळ्या खुडणं जिवावर येतं, पण नाही खुडल्या तरी आठवडाभरात त्यातल्या बऱ्याचशा पिवळ्या पडून गळतातच. अनंत आणि जास्वंद याबाबतीत फार हळवी झाडं आहेत, जागा बदलली की कळ्या टाकतात. ते पाहून घाबरू नका.

जागा कशी निवडू?

बहुतेक फुलझुडपांना दिवसाला सहा तास तरी ऊन लागतं. हायड्रेंजिया, कॅमेलिया, अझालिया यांना सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते. पण लोकांची खरी चूक उन्हात होत नाही, अंतरात होते. हातातलं झाड दोन फुटांचं असतं आणि ते दोनच फुटांचं राहील असं धरून आपण ते भिंतीला चिकटवून लावतो. पूर्ण वाढल्यावर झुडूप किती रुंद होतं ते आधी विचारून घ्या आणि भिंतीपासून निदान त्याच्या निम्म्या अंतरावर लावा. सहा फूट पसरणारं झाड भिंतीपासून तीन फुटांवर, आणि तसल्याच दोन झाडांमध्ये सहा फूट.

भिंतीचा आणखी एक उपद्रव आहे. सिमेंट आणि चुन्याचा अंश पायालगतच्या मातीत उतरतो आणि तिचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क याचं माप) वाढतो. अनंत, कॅमेलिया, अझालिया यांना आम्लधर्मी माती लागते. भिंतीलगत ती वर्षभरात फिकी पडतात. शिवाय छज्ज्याखाली पाऊस पोचत नाही.

जिथून जुना गुलाब काढला त्याच खड्ड्यात नवा गुलाब लावू नका. नव्या गुलाबाची वाढ तिथे खुंटते, हा जगभरच्या माळ्यांचा अनुभव आहे. गुलाबाच्या कुळातलं नसलेलं दुसरं कुठलंही झाड तिथे खुशाल लावा. कण्हेर लावणार असाल तर ती लहान मुलं आणि गुरं यांच्या वाटेपासून लांब असू द्या, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो.

पाण्याचा निचरा होतो की नाही, हे लावण्याआधी कसं कळेल?

एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. तो पाण्याने भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा, आत एक काठी उभी करा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. तासाभराने पातळी किती उतरली ते मोजा. ३ ते ८ सेंटीमीटर उतरली तर जमीन छान आहे. त्याहून बरीच जास्त उतरली तर माती रेताड आहे, पाणी वारंवार द्यावं लागेल. दोन सेंटीमीटरसुद्धा उतरली नाही तर त्या जागी खड्डा करून झाड लावू नका. तिथे फूटभर उंचीचा गादीवाफा किंवा माती ओढून रुंद उंचवटा करा आणि त्यावर लावा.

पहिल्यांदा भरलेलं पाणी मोजू नका. कोरडी जमीन पहिलं पाणी अधाशासारखं पिते आणि फसवते.

खड्डा केवढा घ्यायचा?

रुंदीला हुंडीच्या दुप्पट ते तिप्पट. खोलीला हुंडीइतकाच, एक बोटही जास्त नाही.

हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, कारण दोन-दोन फुटांचा खोल खड्डा घेऊन तो खत-मातीने भरायचा, हेच आपण ऐकत आलो आहोत. ती पद्धत फळझाडांच्या खड्ड्यांची. ते खड्डे आधी उन्हात तापू देतात, मग भरतात आणि लागवडीपूर्वी माती खाली बसायला वेळ देतात. आपण सकाळी खणतो आणि दुपारी लावतो. खालची भुसभुशीत माती पुढच्या दोन-तीन महिन्यांत बसते, तिच्याबरोबर झाडही खाली जातं आणि बुंधा मातीत गाडला जातो. हुंडीखाली न खणलेली, घट्ट जमीन असेल तर झाड जिथे ठेवलं तिथेच राहतं.

रुंदी मात्र कंजुषी न करता घ्या. झुडपांची कामाची मुळं वरच्या एक-दीड फुटात आडवी पसरतात, आणि पहिल्या काही महिन्यांत त्यांना सैल माती लागते ती बाजूंना.

चिकणमातीत आणखी एक काम करावं लागतं. ओल्या चिकणमातीत फावडं घासून गेलं की खड्ड्याच्या कडा गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्या अशाच ठेवल्या तर मूळ तिथवर येतं आणि कडेकडेने वळून फिरू लागतं. म्हणजे मातीचीच कुंडी झाली. खुरप्याच्या टोकाने कडा सगळीकडून ओरबाडून खडबडीत करा.

खड्ड्यात शेणखत, कोकोपीट, नवी माती घालू? आणि तळाला विटांचे तुकडे?

तळाला काहीही घालू नका. विटांचे तुकडे किंवा खडी घातली की निचरा सुधारतो ही समजूत फार जुनी आहे, पण पाणी तसं वागत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब भिजेपर्यंत ते वरच लटकून राहतं, म्हणजे चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. भांडी घासायचा ओला स्पंज जाळीवर ठेवून पाहा. जाळीला भोकं असूनही स्पंजाचा खालचा भाग ओलाच राहतो.

खड्डा भरायला त्यातूनच निघालेली माती वापरा, ढेकळं फोडून आणि दगड वेचून. भारी चिकणमातीतला एकच खड्डा कोकोपीट-खताने मऊसूत केला तर पावसाचं पाणी चहूबाजूंनी त्या मऊ खड्ड्यात येतं आणि तिथून बाहेर जात नाही. झाड बादलीत लावल्यासारखं होतं. शिवाय आत सगळं आयतं मिळत असेल तर मुळं बाहेरच्या कडक मातीत कशाला जातील?

खत घालायचंच असेल तर ते अख्ख्या वाफ्यात पसरून मिसळा, किंवा लावून झाल्यावर वर पातळ थर द्या. मात्र ते पूर्ण कुजलेलं हवं, हातात घेतल्यावर मातीचा वास येणारं. कच्चं शेणखत कुजताना गरम होतं आणि हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या अळीच्या) भुंगेऱ्यांना अंडी घालायला बोलावणंच देतं.

कुंडीतून झाड न मोडता कसं काढायचं?

आदल्या दिवशी भरपूर पाणी घाला. कोरडी हुंडी फुटते आणि चिंब ओली ओघळते. चोवीस तासांपूर्वी पाणी पाजलेली मात्र एकसंध निघते.

कुंडी आडवी करा. कडेला तळहाताने किंवा लाकडी ठोकळ्याने चारी बाजूंनी ठोका, मग एक हात मातीवर पसरून बुंधा बोटांच्या मधून बाहेर ठेवा आणि कुंडी मागे ओढा. झाड ओढायचं नाही, कुंडी ओढायची. निघत नसेल तर लांब पात्याची सुरी आतल्या कडेने फिरवा. तरीही नाही निघाली तर प्लॅस्टिकची कुंडी सरळ कापा. मातीची कुंडी फोडायची वेळ आली तर वाईट वाटतं खरं, पण आतल्या मुळांनी तिच्या भिंतीला मिठी मारलेली असते आणि ती सोडवताना होणारी इजा जास्त असते.

ग्रो बॅग असेल तर एका बाजूने वरपासून खालपर्यंत चीर द्या आणि केळं सोलावं तशी सोला.

मुळं कुंडीभर गोल फिरलेली आहेत. मोकळी करायची की हात लावायचा नाही?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माझ्या अनंताचं घोडं इथेच पेंड खात होतं.

गोल फिरणारं मूळ जमिनीत गेल्यावर आपोआप सरळ होत नाही. ते त्याच वळणाने जाड होत राहतं. काही वर्षांनी दोन जाड मुळं बुंध्याला फास लावतात आणि तोवर सगळं ठीक दिसणारं झाड एका बाजूने वाळू लागतं.

हुंडी आडवी ठेवून नीट पाहा. बाहेरून माती दिसतेय आणि मध्येमध्ये पांढरी कोवळी मुळं आहेत, तर बोटांनी कडा जरा विस्कटल्या की पुरे. माती दिसतच नाही, नुसतं मुळांचं जाळं दिसतंय, तर धारदार सुरी घ्या. वरपासून खालपर्यंत चार ठिकाणी उभ्या चिरा द्या, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोल. तळाला मुळांची चुंबळ झालेली असते, ती दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची चकती सरळ कापून टाका. कापताना सुरीला जाड दोरखंड कापल्यासारखा प्रतिकार जाणवतो आणि ओल्या मुळांचा हिरवट, काकडीसारखा वास येतो. निरोगी मूळ आतून पांढरं असतं. तपकिरी, मऊ आणि साल सुटून येणारं मूळ कुजलेलं, ते निरोगी भागापर्यंत कापा.

पहिल्यांदा हे करताना हात थरथरतो. पण कापलेल्या टोकामागून नवी मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेने जातात. हवी आहेत ती हीच.

बोगनवेल इथेही अपवाद. तिची मुळं ठिसूळ असतात आणि हुंडी सहज विखुरते, म्हणून तिची हुंडी न छेडता तशीच ठेवा.

किती खोल लावायचं?

कुंडीत मातीची पातळी जिथे होती तिथेच, भारी जमिनीत बोटभर उंच. आधी एक खात्री मात्र करा. कुंडीतली वरची माती खरवडून पाहा, कारण रोपवाटिकेत कुंडी बदलताना बुंध्यावर माती चढलेली असू शकते. पहिलं जाड मूळ जिथून फुटतं ती जागा जमिनीच्या पातळीला हवी. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून पातळी तपासा, नजरेवर विसंबू नका.

कलमी गुलाबाचा जोड उबदार हवेत मातीच्या वर ठेवतात. कडक थंडीच्या ठिकाणी तो झाकावा म्हणून मातीखाली घेतात. जोडाच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचा असतो, तो दिसला की मुळापासून काढा.

माती पायाने दाबायची का?

नाही. अर्धी भरा, पाणी सोडा, बसू द्या, उरलेली भरा, पुन्हा पाणी सोडा. पाण्याने पोकळ्या बुजतात आणि तेवढं पुरतं. हुंडीच्या वरच्या पृष्ठभागावर बागेची माती चढवू नका, नाहीतर पाणी आत उतरायला अडतं.

जूटच्या कापडात किंवा कुजणाऱ्या कुंडीत आलेलं झाड तसंच लावू का?

कागदाच्या लगद्याची किंवा काथ्याची कुंडी कुजते, पण सावकाश. मी तरी काढूनच टाकतो. ठेवायची असेल तर तळ आणि बाजू फाडा आणि जमिनीवर राहणारी कड पूर्ण तोडा. ती कड वातीसारखं काम करते आणि आतलं पाणी हवेत उडवते. कापड खरंच जूटचं आहे ना ते पाहा. कृत्रिम धाग्याचं असेल तर ते कधीच कुजणार नाही, काढूनच टाका.

पाणी किती आणि किती दिवसांनी?

आता पुन्हा हुंडीकडे. कुंडीतलं मिश्रण हलकं आणि भरड असतं, बागेतली माती बहुधा त्याहून बारीक. बारीक माती पाणी धरून ठेवते, भरड मिश्रणाला ते सहजी देत नाही. त्यामुळे शेजारची जमीन ओली असली तरी हुंडी तहानलेली राहू शकते. त्यात सगळी पानं अजून त्या एवढ्याशा हुंडीवरच जगत असतात, म्हणून ती कुंडीत असताना सुकायची तितक्याच वेगाने, कधी त्याहूनही लवकर सुकते. कोकोपीट किंवा पीट असलेली हुंडी एकदा कडक वाळली तर पाणी चक्क झटकून टाकते. वरून ओतलेलं पाणी कडेने उतरून जातं आणि आत थेंब जात नाही. माझ्या अनंताच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, आणि मी आळं बुंध्यापासून फूटभर लांब केलं होतं.

म्हणून सुरुवातीचे तीन महिने आळं हुंडीच्याच आकाराचं ठेवा आणि पाणी बुंध्याच्या आजूबाजूला, थेट हुंडीवर द्या. हळू द्या. झारी असेल तर एकदा ओता, पाच मिनिटं थांबा, पुन्हा ओता.

किती, याचा सोपा हिशेब म्हणजे ज्या कुंडीतून झाड काढलं तिच्या घनफळाच्या पाव ते तृतीयांश. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते, म्हणजे एका वेळी चार-पाच लिटर. पाऊस नसेल तर पहिले दोन आठवडे रोज, त्यानंतर तीन महिने होईपर्यंत दोन-तीन दिवसांआड, आणि पुढे वर्षभर आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी आळं रुंद करत न्या, म्हणजे मुळं पाण्यामागे बाहेर येतील.

हे आकडे मळलेली वाट समजा. शेवटचा निर्णय बोटाचा. हुंडीत, लक्षात घ्या, हुंडीत, शेजारच्या मातीत नव्हे, दोन पेरं बोट घाला. आत गारवा लागला तर आज पाणी नको. बोट जात नसेल तर बांबूची बारीक काडी खुपसा आणि दहा मिनिटांनी काढून पाहा, ओली माती चिकटून येते.

लावल्यापासून पानं मान टाकतायत. झाड गेलं का?

दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी सावरतं, तर ते जिवंत आहे आणि सावरतंय. मुळांची कुवत तात्पुरती कमी झाली आहे, दुपारची मागणी ती भागवू शकत नाहीत. दुपारच्या उन्हाला आठवडाभर आडोसा करा. चार काठ्या आणि वर शेडनेट किंवा जुनं सुती कापड पुरतं. झाडाला प्लॅस्टिकची पिशवी घालून उन्हात ठेवू नका, आत वाफारा होतो.

सकाळीही मान वर नसेल तर बोट घाला. हुंडी कोरडी असेल तर पाणी, आणि पहिलं पाणी झटकलं गेलं तर अर्ध्या तासाने दुसरं. हुंडी ओलीचिंब असेल आणि तरी पानं लोंबत असतील तर मुळं गुदमरली आहेत. इथे लोक हटकून आणखी पाणी घालतात आणि झाड जातं. पाणी थांबवा, आच्छादन बाजूला सारा, बुंध्याजवळ दबलेली माती काठीने टोचून सैल करा. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर झाड उचलून उंचवट्यावर लावा.

पानं गळून गेली तरी आशा सोडायची नाही. नखाने फांदीची साल जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे. टोकाकडून बुंध्याकडे खरवडत या आणि हिरवं लागेल तिथवरची वाळकी काडी कापा.

पानांवर पांढरट-तपकिरी डाग आलेत, जणू भाजली आहेत.

भाजलीच आहेत. रोपवाटिकेतल्या जाळीखाली किंवा व्हरांड्यात वाढलेलं झाड एकदम उघड्या उन्हात आलं की असं होतं. लावण्यापूर्वी आठ-दहा दिवस कुंडीतच रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवायला हवं होतं. भाजलेली पानं सुधारणार नाहीत, पण लगेच खुडूही नका. उरलेला हिरवा भाग अजून काम करतोय.

नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या?

लोहाची कमतरता. माती अल्कधर्मी असेल तर तिच्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अनंत आणि अझालियात हे पहिल्यांदा दिसतं. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी तात्पुरती मदत करते. खरा उपाय सामू उतरवण्याचा, आणि गंधकाने तो व्हायला महिने लागतात. आधी निचरा तपासा, कारण सतत ओल्या मातीतही हीच लक्षणं दिसतात. जुनी, खालची पानं पिवळी पडून गळत असतील तर तो बहुधा जागा बदलल्याचा ताण असतो. चार-पाच आठवडे वाट पाहा.

खत कधी सुरू करू?

नवी पालवी फुटून स्थिरावली की. साधारण सहा आठवडे तरी काही देऊ नका. रासायनिक खताचे क्षार ताज्या जखमांच्या मुळांना जाळतात. खड्ड्यात मूठभर हाडांचा चुरा टाकायची सवय अनेकांना असते. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) पुरेसं असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि ते फार झालं तर मुळांना मदत करणाऱ्या बुरशीची वाढ उलट खुंटते. ‘मुळं फुटायचं औषध’ म्हणून मिळणारी जीवनसत्त्वं झुडपाला लागत नाहीत, ती झाड स्वतः बनवतं.

लावताना छाटणी करावी का?

मोडलेल्या, वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. बाकी नाही. मुळं कमी झाली म्हणून फांद्याही कमी करा, हा हिशेब वरवर पटतो. पण नवी मुळं फुटायचा निरोप शेंड्यांकडून आणि कोवळ्या पानांकडून जातो, आणि त्यासाठी लागणारं अन्नही पानंच बनवतात. शेंडे उडवले की दोन्ही थांबतं.

आच्छादन कशाचं आणि किती?

पालापाचोळा, लाकडाचा भुगा नव्हे तर जाडसर चुरा, वाळलेलं गवत. पाच ते आठ सेंटीमीटर जाड आणि बुंध्यापासून वीतभर लांब. बुंध्याला टेकलेल्या ओल्या आच्छादनाखाली साल कुजते. वाळवीचा त्रास असेल तिथे थर पातळ ठेवा आणि अधूनमधून उकरून पाहा.

आधाराला काठी?

झुडपाला लागत नाही. वाऱ्यावर थोडं हललं तर बुंधा जाड होतो.

कुंडीत हायड्रेंजिया निळा फुलायचा. जमिनीत गुलाबी फुलला. फसवलं का मला?

नाही, माती बोलली. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाचा रंग त्याला ॲल्युमिनियम किती मिळतं यावर ठरतो. आम्लधर्मी मातीत ते विरघळतं आणि फूल निळं होतं. अल्कधर्मी मातीत ते अडकून पडतं आणि फूल गुलाबी. मधल्या मातीत जांभळट, कधी एकाच झाडावर दोन्ही. पांढऱ्या जाती पांढऱ्याच राहतात. रंग परत हवा असेल तर आम्लता वाढवावी लागेल, आणि चुनखडीच्या जमिनीत तो खटाटोप जन्मभर पुरतो.

सहा महिने झाले. हिरवंगार आहे, पण फूल नाही.

तीन शक्यता. पहिलं वर्ष झाड मुळांवर खर्च करतंय, तर थांबा. ऊन कमी पडतंय, तर दिवसभरात किती तास पडतं ते एकदा बसून मोजा, आपला अंदाज बहुधा जास्तीचा असतो. किंवा शेजारच्या हिरवळीला घातलेलं नत्र (नायट्रोजन) याला मिळतंय आणि नुसती पानं येतायत. बोगनवेलीला पाण्याचा थोडा ताण द्या. आणि चुकीच्या वेळी छाटलं तर नाही ना? गेल्या वर्षीच्या काडीवर फुलणारी झुडपं बहर संपताच छाटायची असतात. बहुतेक गुलाब आणि जास्वंद नव्या फुटीवर फुलतात, त्यांना ही अडचण नाही.

वर्ष झालं, मेलंही नाही आणि वाढलंही नाही. आता काय करू?

बुंधा तळाशी धरून हलकेच हलवा. जमिनीत रुजलेल्या झाडाबरोबर आजूबाजूची माती हलल्यासारखी वाटते. न रुजलेलं झाड आपल्याच गोळ्यावर डुगडुगतं आणि गोळ्याभोवती बारीक फट दिसते.

डुगडुगत असेल तर लावण्याच्या योग्य दिवसांची वाट पाहा आणि उपटा. हुंडी बादलीभर पाण्यात बुडबुडे येईनासे होईपर्यंत बुडवून ठेवा. कोरड्या हुंडीला याला अर्धा तासही लागतो. मग चिरा द्या, तळाची चुंबळ कापा, खड्ड्याच्या कडा ओरबाडा आणि बोटभर उंच लावा. अनंताच्या बाबतीत मी हेच केलं. तळाची चकती कापली तेव्हा तिच्यात रोपवाटिकेतल्या पहिल्या, मुठीएवढ्या पिशवीचा आकारसुद्धा स्पष्ट दिसत होता. झाडाने निम्मी पानं टाकली, दोन महिने तसंच काडीसारखं उभं राहिलं आणि मग बुंध्याच्या तळाशी तांबूस-हिरवा फुटवा आला. हलवून पाहायचा मोह तेव्हाही झाला होता, पण बुंध्याला हात लावला नाही.